विरळणी

पहिल्या वर्षी आमच्या वाफ्यात पानंच पानं आली. हिरवीगार, तजेलदार, लालबुंद देठांची. रोज सकाळी मी वाफ्यापाशी उभी राहायची आणि मनाशी म्हणायची, वर एवढं आहे तर खाली किती असेल! सत्तर दिवस झाले तेव्हा एक रोप धरून ओढलं. हातात आलं ते पेन्सिलीएवढं लालसर मूळ. दुसरं ओढलं, तेही तसंच. तिसरं, चौथं. सबंध वाफ्यात एकही बीट धरलं नव्हतं.

आई पायरीवर बसली होती. तिची नजर आता फार अधू झालीय. उजेड कळतो, मोठे रंग कळतात, बारीक काही दिसत नाही. मी उपटलेला झुबका तिने मांडीवर घेतला, मुळांच्या बाजूने बोटं फिरवली आणि म्हणाली, "तू विरळणी केली नाहीस गं."

नव्हतीच केली. करायची असते हे वाचलं होतं, बियांच्या पाकिटावरही लिहिलेलं होतं. पण मी एकेक बी बोटभर अंतर मोजून पेरली होती, तेव्हा विरळ काय करायचं, असं वाटलं. नंतर एकेका जागी तीन-तीन, चार-चार रोपं दिसली तेव्हाही हात धजला नाही. आठ दिवस वाट पाहून मातीतून वर आलेलं, दोन इवल्या पानांचं, लाल धाग्यासारख्या देठाचं रोप उपटून टाकायचं? सगळीच वाढू देत, असं म्हणून मी रोज झारीने पाणी घालत राहिले. त्या झुबक्यातल्या प्रत्येक रोपाला बाकीच्यांशी झटापट करण्यातच आयुष्य काढावं लागलं, आणि ते माझ्यामुळे.

एका बीतून चार रोपं कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. तो पडला दुसऱ्या वर्षी, उरलेल्या बिया तळहातावर घेतल्यावर. बिटाची बी म्हणून आपण जी पेरतो ती खरं तर एकटी बी नसतेच. बिटाच्या फुलोऱ्यात दोन-तीन-चार फुलं एकमेकांना चिकटून येतात. पिकताना त्यांचे तळ एकजीव होतात, वाळून बुचासारखे टणक होतात, आणि तो सगळा गोळाच आपल्या हातात येतो. मिरीच्या दाण्याएवढा, काळपट तपकिरी, खडबडीत, कुठून कसाही वेडावाकडा. भिंग लावून पाहिलं तर त्यावर छोट्या झाकणांसारखे गोल दिसतात. प्रत्येक झाकणाखाली एक खरी बी असते, चपटी, गुळगुळीत, तांबूस. रुजताना कोंब ते झाकण ढकलून बाहेर येतो. म्हणजे बोटभर अंतरावर मी एकेक बी पेरलीच नव्हती, एकेक कुटुंब पेरलं होतं.

ही विरळणी साखर-बिटाच्या शेतीतलं फार मोठं दुखणं होती, हे मला पुढे कळलं. साखर-बीट आणि आपल्या भाजीचं लाल बीट ही एकाच जातीची, सख्खी भावंडं. 1747 मध्ये आंद्रेआस मार्गग्राफ या बर्लिनच्या रसायनशास्त्रज्ञाने बिटातून साखरेचे खडे काढून दाखवले. उसातली साखर आणि ही साखर एकच, हे त्याने सिद्ध केलं. त्याचा शिष्य फ्रान्झ आखार्ड याने 1801 मध्ये सायलेशियात बिटाच्या साखरेचा पहिला कारखाना उभा केला. नेपोलियनच्या युद्धांत समुद्रमार्गे येणारी साखर तुटली आणि 1811 मध्ये त्याने फ्रान्समध्ये बिटाच्या लागवडीचा हुकूमच काढला. पण एकरच्या एकर बीट लावायचं म्हणजे एकरच्या एकर विरळणी. माणसं, बायका, मुलं कंबरेत वाकून, पुष्कळदा गुडघ्यांवर रांगत, झुबक्या-झुबक्यातून एक रोप राखून बाकीची काढत पुढे सरकायची. यंत्राला ते जमत नव्हतं, कारण एकाच गोळ्यातून उगवलेली रोपं एकमेकांत गुंतलेली असतात. 1948 मध्ये व्याचेस्लाव सावित्स्की या संशोधकाला अमेरिकेत ओरेगॉनच्या बियाण्याच्या शेतांत काही मोजकी झाडं अशी सापडली, ज्यांना जोडफुलं न येता सुटी सुटी फुलं येत होती. एका फळात एकच बी. लाखो झाडांच्या शेतात पाच झाडं. त्यातूनच पुढे एकबीजी वाण तयार झाले आणि शेतातली ती रांगणारी माणसं उभी राहिली. आता भाजीच्या बिटाचेही काही एकबीजी वाण मिळतात. मी मात्र अजून जुनंच, गोळ्यांचं बी लावते. त्याचं कारण पुढे येईल.

दुसऱ्या वर्षी आई स्वतः वाफ्याशी आली. मी तिला पाट दिला बसायला. माती आम्ही हातभर खोल उकरून भुसभुशीत केली, खडे वेचले, चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलं. ताजं खत बिटाला चालत नाही, नत्र जास्त झालं की रोप पानांतच रमतं आणि खाली काही धरत नाही. माझ्या पहिल्या वर्षीच्या फजितीत तेही एक कारण असणार. बिया रात्रभर पाण्यात ठेवल्या होत्या. सकाळी पाणी चहासारखं तांबूस झालं होतं. त्या बुचासारख्या सालीत कोंब रोखून धरणारी द्रव्यं असतात, ती पाण्यात उतरतात, म्हणून ते पाणी फेकायचं आणि बिया पुन्हा धुऊन घ्यायच्या. मग पेराएवढ्या खोल चरात पेरल्या, वरून माती सारखी केली आणि रोज दोन वेळा हलकं शिंपण. सातव्या दिवशी मातीला तडे गेले.

रोपं दोन इंचांची झाली, दुपानाच्या, म्हणजे बीतून आलेल्या पहिल्या दोन पानांच्या, मध्ये खरी पानं दिसू लागली, तेव्हा आई म्हणाली, "आण कात्री."

उपटायचं नाही, कापायचं, हे तिचंच. उपटलं तर शेजारच्याची मुळंही हलतात, ती एकमेकांत वेटाळलेली असतात. नखं कापायची लहान कात्री मी घेतली. आईने झुबक्यावर बोटं ठेवली. एकेका देठाला अंगठा आणि तर्जनीत धरून खालपासून वरपर्यंत चाचपलं. मी बघत होते. ती जाडी बघत होती, ताठपणा बघत होती, मातीशी देठ किती घट्ट आहे ते बघत होती. मग एक धरून ठेवलं. "हे राहू दे. बाकीची काप." मी तिच्या बोटांच्या भोवतीने कात्री चालवली. तिच्या चिमटीत एकच रोप उरलं. तिने चिमूट सोडली तेव्हा ते जरासं कललं आणि तसंच उभं राहिलं.

असे चाळीस-पंचेचाळीस झुबके होते. आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. डोळ्यांनी मी निवडलं असतं तर सर्वांत उंच रोप ठेवलं असतं. आई पुष्कळदा उंच सोडून बुटकं निवडत होती. उंच रोप उजेडासाठी ताणलेलं असतं, त्याचा देठ लांबतो आणि लुळा पडतो, असं ती म्हणाली. मला ते पटलं, कारण बिटाचा कंद म्हणून आपण जो खातो, त्याचा वरचा बराचसा भाग मूळ नसतोच. दुपानाच्या खाली आणि मुळाच्या वर जो देठाचा तुकडा असतो तो फुगून बीट होतं. आई ज्या तुकड्याला चिमटीत धरून चाचपत होती, नेमका तोच.

कापलेली रोपं वाया जात नाहीत, हे इथेच सांगून टाकते. वाटीभर निघाली. धुऊन कच्चीच खाल्ली. पालकासारखी चव आणि शेवटी किंचित गोडसर मातकटपणा. पालक, चाकवत, बीट ही सगळी एकाच घराण्यातली. थोडी रोपं मी आईच्या नकळत उपटून कुंडीत लावली होती. जगली, पण लहानपणी वळलेलं सोटमूळ सरळ झालं नाही. फाटे फुटलेली, पिळवटलेली बिटं निघाली.

पंधरा दिवसांनी दुसरी विरळणी. या वेळी दोन रोपांत चार बोटं अंतर. पुन्हा माझा हात अडखळला, कारण आता रोपं सुकुमार राहिली नव्हती, चांगली अंगाने भरली होती. चार-चार रोपं एकत्र वाढवायची एक पद्धतही आहे आणि तीही मी नंतर करून पाहिली. झुबका तसाच ठेवायचा, पण झुबक्या-झुबक्यात फूटभर मोकळी जागा सोडायची. मग बिटं वाढताना एकमेकांना बाहेर ढकलतात आणि चारही होतात, जरा लहान होतात एवढंच. म्हणजे बिटाला सोबतीचं वावडं नाही. जागा मात्र कुठून तरी द्यावीच लागते.

इतकी घाई कशासाठी, थोडं उशिरा विरळलं तर काय बिघडेल, असं मला वाटायचं. बीट आडवं कापल्यावर उत्तर दिसतं. आत गडद-फिक्या वर्तुळांची रांग असते, झाडाच्या खोडात असते तशी. पण खोडातलं वर्तुळ वर्षाला एक पडतं. बिटाचं तसं नाही. त्याची बहुतेक सगळी वर्तुळं रोप लहान असतानाच, काही आठवड्यांत, एकाबाहेर एक आखून होतात. पुढचे दीड-दोन महिने ती सगळी एकदमच रुंदावत जातात. मोठं बीट आणि लहान बीट यांत वर्तुळांच्या संख्येत फारसा फरक नसतो, रुंदीत असतो. हे मला कळलं त्या दिवशी मी बराच वेळ ते कापलेलं बीट हातात घेऊन बसले होते. इटलीत किओज्जा नावाचा एक वाण आहे, त्यात ही वर्तुळं लाल आणि पांढरी अशी आलटून पालटून असतात. मुलांना दाखवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. शिजवलं की मात्र रंग पुसट होतात.

मधल्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. पाणी नियमित हवं. चार दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर, असं झालं की कंद तडकतो. तण लहान असतानाच हाताने काढायचं, खुरपं कंदाला लागलं तर जखम होते. पानांवर राखाडी ठिपके आणि त्यांना तांबडी कडा दिसली तर ती पानं काढून लांब टाकायची, तो बुरशीचा रोग आहे. भाजीसाठी पानं खुडायची असतील तर एका रोपाची दोन-तीनच. कंद भरतो तो पानांच्याच जिवावर.

एक चूक मात्र सविस्तर सांगायला हवी. त्या वर्षी काही बिटं कापल्यावर आत काळे, बुचासारखे डाग निघाले. कीड म्हणावी तर पोखरलेलं भोक नव्हतं. बोरॉन कमी पडलं की बिटाला असं होतं. मातीत बोरॉन नसेलच असं नाही, पण माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते उचलता येत नाही. आणि मी चुलीची राख हौसेने, ओंजळी-ओंजळीने वाफ्यात टाकली होती, पोटॅश मिळेल म्हणून. बिटाला आम्लधर्मी माती आवडत नाही हे खरं, साडेसहा-सातच्या आसपासचा सामू (pH) त्याला मानवतो. त्यापलीकडे ढकलण्याची गरज नव्हती. राख बंद केली, कंपोस्ट वाढवलं, पुढच्या वर्षी डाग नव्हते.

बिटाचा मूळपुरुष समुद्रकाठचा. युरोपच्या किनाऱ्यांवर, खाऱ्या वाऱ्यात, वाळू-गोट्यांत तो अजून रानटी वाढतो, जाड चकचकीत पानांचा आणि बारीक मुळांचा. म्हणून बीट थोडा खारेपणा सहज सोसतं, सोडियमचा उपयोगही करून घेतं, जे बहुतेक भाज्यांना जमत नाही. त्या किनाऱ्यावरच्या पोरक्या झाडाची पानं खाता खाता माणसांनी कधीतरी त्याच्या मुळाकडे लक्ष दिलं. माझ्या वाफ्यातली पहिल्या वर्षीची पेन्सिलीएवढी मुळं बघताना आता वाटतं, ती आपल्या पूर्वजासारखीच दिसत होती.

काढणीचा दिवस आई ठरवते. बीट गाजरासारखं पुरतं मातीत लपत नाही. भरू लागलं की डोकं वर काढतं. आई सकाळी अनवाणी वाफ्याच्या कडेला बसते, पानं बाजूला सारते आणि प्रत्येक डोक्याभोवती बोट फिरवून घेर मापते. "हे लिंबाएवढं. हे थांबू दे. हे घे." लिंबाहून मोठं आणि संत्र्याहून लहान, हे तिचं माप. त्याहून मोठं होऊ दिलं की बीट जून होतं, गर रेषाळ होतो. एकदम सगळा वाफा आम्ही कधीच काढत नाही. मोठी आधी काढायची, म्हणजे मागे राहिलेल्यांना पुन्हा ऐसपैस होतं आणि ती भरतात. महिनाभर चालतं ते.

आदल्या दिवशी पाणी दिलेलं असलं तर नुसत्या हाताने निघतं. पानांचा बुडखा मुठीत धरायचा, थोडा पीळ द्यायचा. शेपटीची बारीक मुळं तुटतात तो करकर आवाज ऐकू येण्याआधी हाताला कळतो. मग माती सैल पडते आणि ते वजन एकदम आपल्या हातात येतं. पानं लगेच पिळून काढायची, नाही तर ती कंदातला ओलावा ओढत राहतात. सुरीने अगदी सपाट कापायची नाहीत. दोन बोटं देठ ठेवायचे, शेपटीही ठेवायची, सालीला धक्का लावायचा नाही. कापलं की रंग गळतो, आणि उकडताना तर सगळाच पाण्यात जातो. साठवायची बिटं धुवायचीही नाहीत. माती झटकून ओलसर वाळूत पुरून गार जागी ठेवली की महिनेन् महिने टिकतात.

मातीतून निघालेल्या बिटाचा वास पहिल्या पावसाचा असतो, असं आई म्हणते, आणि हे शब्दशः खरं आहे. पावसानंतर जमिनीतून येणाऱ्या वासात जिओस्मिन नावाचं जे द्रव्य असतं, तेच बिटात असतं. मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात, पण निर्जंतुक जागी वाढवलेल्या बिटाच्या रोपांतही ते सापडलेलं आहे, म्हणजे बीट स्वतःही ते तयार करत असावं. माणसाच्या नाकाला त्याचा इतका अल्प अंश पुरतो की तो मोजायला अब्जांशाची भाषा लागते. ज्यांना बीट आवडत नाही त्यांना बहुधा हाच वास नको असतो. त्यांनी उकडल्यावर लिंबू पिळून पाहावं. आम्लाने जिओस्मिन मोडतं आणि मातकटपणा उतरतो. रंगही लाल राहतो, कारण आम्लात तो टिकतो आणि खाण्याच्या सोड्याने पिवळट पडतो.

या रंगाबद्दल मला विशेष माया आहे. जांभूळ, लाल कोबी, जास्वंद यांचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. बिटाचा तो नाही. त्याचा रंग बीटालेन या वेगळ्याच कुळातला, आणि ते नावच बिटावरून पडलंय. हाच रंग लाल माठात, बोगनवेलीत, गुलबक्षीत, मायाळूच्या फळांत. ही दोन कुळं एकाच झाडात कधी एकत्र सापडलेली नाहीत. आमच्या कुंपणावर बोगनवेल आहे, कोपऱ्यात गुलबक्षी आहे, वाफ्यात बीट आहे. संध्याकाळी तिन्ही एकदम दिसतात तेव्हा मला ते एका घरातले वाटतात.

रंगामुळेच एक भीती आमच्या घरात येऊन गेली. पहिलं बीट निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई न्हाणीघरातून बाहेर आली ती घाबरीघुबरी होऊन. लघवी लाल झाली होती. तेवढा रंग तिला दिसला. माझ्याही पोटात गोळा आला. आदल्या रात्री काय खाल्लं ते आठवायला अर्धा तास गेला. शंभरातल्या दहा-चौदा माणसांच्या बाबतीत बिटाचा रंग असा उतरतो. मी माझं बघितलं, मला काही फरक नव्हता. दोन दिवस बीट बंद ठेवलं, रंग गेला, मग आम्ही निर्धास्त झालो. घरात म्हातारं माणूस असेल तर हे आधीच सांगून ठेवावं. आणखी एक समज जाता जाता दूर करते. रंग रक्ताचा म्हणून बीट रक्त वाढवतं, असं म्हणतात. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. फोलेट, म्हणजे ‘ब’ गटातलं एक जीवनसत्त्व, मात्र त्यात चांगलं असतं, आणि ते त्याचं खरं देणं आहे.

गेल्या वर्षी शेवटची बिटं काढताना आई म्हणाली, एक राहू दे, बी धरेल. मी तिला सांगितलं, एकाने भागायचं नाही. बिटाचं झाड स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही, वाऱ्याने दुसऱ्याचा यावा लागतो. चार ठेवली. थंडीचे आठवडे त्यांनी मातीत काढले, पानं जवळजवळ गेली. आणि ऊन वाढू लागल्यावर प्रत्येकातून एक दांडा वर आला. माझ्या छातीपर्यंत उंच, फांद्या-फांद्यांचा, रेषारेषांचा. फुलं हिरवी, डोळ्यांत न भरणारी. वासावरून मात्र आईला ती माझ्याआधी कळली.

दांडे वाळले तेव्हा ते मी तोडून सुपात ठेवले. आईने फांदी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने वरून खाली ओरबाडली आणि गोळे सुपात टपटप पडले. मग ती ते एकेक चिमटीत घेऊन फिरवत बसली. मला नुसते खडबडीत दाणे दिसत होते.

"हे तिघांचं," ती म्हणाली आणि बाजूला ठेवलं. "हे दोघांचं." पुढचं जरा जास्त वेळ बोटांत फिरवलं. "हे चौघांचं आहे बघ. कात्री सांभाळून ठेव."